टिकल्या वाटणारी

जिन्याखालच्या टेबलावर काकूंनी बावीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे इस्त्री केले. नवरा गेला तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. त्या टेबलानेच त्याला शिकवलं-सवरलं, नोकरीला लावलं. कोणाची कॉलर विरलीय, कोणाचं पोट सुटलंय, हे त्या घरच्यांच्या आधी काकूंना कळायचं.

अशा बाईवर डिझायनरची नजर गेली नसती तरच नवल. गल्लीची नवी आखणी करून ती सुधारायचं काम पालिकेने त्याला दिलं होतं. तीन दिवस तो टेबलाशेजारी स्टूल टाकून बसला, वही भरभरून लिहिलं. समाज बदलायचा तर आधी समाजाचं ऐकायला हवं, असं तो म्हणायचा आणि अगदी मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत!

"काकू, गल्लीचं मत घ्यायला सभा ठेवलीय. माणसं तुम्हीच आणा. तुमचा शब्द कोण मोडणार?"

झालं. काकू हरखल्या. घरोघरी जाऊन त्यांनी नियम समजावला. भिंतीवर गल्लीचा मोठा नकाशा असेल. प्रत्येकाला दोन टिकल्या. आवडत्या जागेवर हिरवी लावायची, नकोशा जागेवर लाल. ज्या जागेवर सगळ्यात जास्त लाल, ती जागा हटणार. "कचराकुंडीला लावा बरं का लाल," असंही त्या वर सांगत सुटल्या. मुलगा यायला तयार नव्हता, त्यालाही दटावून आणलं.

सभेच्या दारात काकू डबा घेऊन उभ्या. प्रत्येकाच्या तळहातावर स्वतः एक हिरवी, एक लाल ठेवत होत्या. एकतीस माणसं एकदम नकाशाला भिडली, कोण कुठे लावतंय कोणाला दिसेना. गर्दी पांगली. काकू आपल्या टिकल्या घेऊन पुढे झाल्या आणि थिजल्या.

नकाशात जिन्याखाली डिझायनरने एवढंसं चौकोनी टेबल रेखाटलं होतं. ते दिसतच नव्हतं. सव्वीस लाल टिकल्या एकमेकींवर चढल्या होत्या. कचराकुंडीवर पाच.

काकूंनी आपली हिरवी कशीबशी कडेला चिकटवली. लाल मुठीतच राहिली.

"इतकं स्पष्ट लोकमत मी आजवर पाहिलं नाही!" डिझायनरचा चेहरा उजळला होता. "तिथे बाक टाकू, फुलझाडांच्या दोन कुंड्या ठेवू. गप्पांची जागा! काकू, तुम्हीही येऊन बसत जा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अहो, वाजवल्या खरंच!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रांग लागली. आधी शिक्षिकाबाई आल्या. "काकू, माझी लाल नव्हती हं. देवाशप्पथ." आणि गठ्ठा पुढे सरकवला. "टेबल उचलायच्या आत एवढे होतील ना?" मग औषधवाला आला, मग वरच्या मजल्यावरची नवी सून. कोणाचीच लाल नव्हती. ज्याने त्याने शपथ घेतली आणि कपडे ठेवले. बावीस वर्षं ज्यांच्या घड्या घातल्या त्यांच्याशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं? आपल्याला आपला मुलगा आहे, एवढं मनाशी घट्ट धरून काकू दिवसभर इस्त्री फिरवत राहिल्या.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून थेट टेबलापाशी आला. हल्ली तो सहसा तिथे थांबत नसे. मित्र बघतात म्हणायचा.

"आई, माझी लाल नव्हती हं."

काकूंनी इस्त्री उभी केली. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"मग कुठे लावलीस रे तुझी?"

मुलाने तोंड उघडलं. जन्मापासून तो याच गल्लीत राहत होता, पण त्याला एका जागेचं नाव सांगता येईना.