येळवशीचं लंगडणं

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, राणीसावरगाव अख्खं रानात जेवायला जायचं, आणि मला तो सण मनापासून नकोसा होता. लोक मजा करायचे, मी शेंगा सोलायचे. भज्जीसाठी, म्हणजे त्या दिवसाच्या मिसळीच्या भाजीसाठी, तूर, वाटाणा, हरभरा. दोन दिवसांत नखं हिरवी व्हायची. वर शेतात भेटेल ती बाई म्हणायची, "दहावीला गेलीस? आता बास की शाळा!" मला तर पुढं परभणीला कॉलेजात जायचं होतं. घरात त्यावर कुणी हो म्हणत नव्हतं, नाहीही म्हणत नव्हतं. त्यामुळं प्रत्येक कुजबुजीला माझे कान टवकारलेले असायचे.

त्या वर्षी पहिला संशय आला तो काकूचा. सकाळीच तिनं स्वतःची नवी हिरवी साडी माझ्यापुढं टाकली. "आंबिलीचं बिंदगं औंदा तू घे. तुझ्या आईची मान धरलीय." ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील मातीच्या बिंदग्यात भरून, डोक्यावर घेऊन घरची बाई शेतापर्यंत चालत जाते. बाई! परकरातल्या पोरीला कोण देतं? मी आईच्या मानेवर नजर ठेवली. चुलीपाशी ती चांगली इकडंतिकडं वळत होती.

दुसरा संशय पाहुण्यांचा. काकूच्या माहेरकडचं कुणी जोडपं जिंतूरहून येणार होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी कुठं अडकेल याचा नेम नव्हता, आणि ही माणसं एवढ्या लांबून आंबील प्यायला येणार? मी ताईला विचारलं. माझ्या या मोठ्या बहिणीला तीन ठिकाणांहून नकार आले होते. बघायला येणार म्हटलं की तिचे हात थरथरायचे, पोह्यांची बशी वाजायची. ती म्हणाली, "मला कोण काय सांगतंय? मी भाकरी करायलेय." अंगावर तिची रोजची विटकी साडी होती. म्हणजे तिच्यासाठी नक्कीच नाही. मग उरलं कोण?

बिंदगं घेऊन मी सगळ्यांच्या पुढं शेतात पोचले, तर बांधाच्या टोकाला पाहुणी उभी होती आणि थेट माझ्या पायांकडं बघत होती. मुलगी बघताना तिला चालून दाखवायला लावतात, हे ताईमुळं मला पाठ होतं. इथं काकूनं डोक्यावर बिंदगं देऊन सगळा बांधच चालायला लावला होता. असा संताप झाला माझा! मी उजवा पाय ओढायला लागले. आंबील हिंदकळून कानावर सांडली तरी थांबले नाही.

"पायाला काय झालं गं?" पाहुणीनं विचारलं.

"जन्मापासून हाय," मी म्हणाले.

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी आईनंही तेच विचारलं. तिला मी काटा मोडल्याचं सांगितलं. मग ताईनं सगळ्यांना वाढलं. त्या दिवशी तिचे हात अजिबात थरथरले नाहीत. पाहुणीनं तिच्या हातची भज्जी दोनदा मागून घेतली, पण मी माझ्याच विजयात गुंग होते.

आठ दिवसांनी जिंतूरहून निरोप आला. मुलासाठी थोरली पसंत आहे, पण धाकटीचा पाय जन्माचा अधू. घराण्यातच दोष असेल तर नको. तेव्हा मला कळलं, की ताई बिचकू नये म्हणून तिलाच काय, कुणालाही न सांगता काकूनं हे जमवलं होतं. साडी आणि बिंदगं मला दिलं, तेही ताईला संशय येऊ नये म्हणून. काकू स्वतः समजावायला गेली, तर ते म्हणाले, दोष झाकायलेत. घरी येऊन ती रडली. मग भावकीतल्या कुणी कान भरले, याचा शोध सुरू झाला. शेजारच्या दुसऱ्या चुलतीशी बोलणं बंद झालं. प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय येत होता, माझा सोडून.

एका दुपारी मी ओसरीत पुस्तक घेऊन बसले होते. ताई आली, समोर बसली आणि तिनं माझा उजवा पाय मांडीवर घेतला. तळव्यावरून, टाचेवरून, बोटांच्या बेचक्यांतून तिनं सावकाश अंगठा फिरवला.

"काट्याची खूण कुठंच न्हाई गं," ती म्हणाली.

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. तिनं पाय हळूच खाली ठेवला आणि पडलेलं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

"वाच," ती म्हणाली. "एवढं लंगडलीस, आता नापास तरी होऊ नकोस."