ठोकळ्यांचे वाटे

लेकीला आणायला दहिवलीच्या बालवाडीत गेले, तर नव्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा वास आला आणि पळसदरीजवळची आमची वाडी आठवली.

मी लेकीएवढी असताना, मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करायला शहरातून एक बाई तिथे आल्या होत्या. माझ्यापुढे असेच ठोकळे ठेवून त्या म्हणाल्या, "मनोरा रच." आमच्यात रानातून काहीही आलं की आधी सगळ्यांचे वाटे पडायचे. मी जमलेल्या पोरांना ठोकळे वाटले आणि शेवटचा लाल ठोकळा बाईंपुढे धरला. "ह्यो तुमचा वाटा हाय."

बाई सोबतिणीकडे वळल्या. "हिला काहीच कळत नाही."

अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आज माझ्या लेकीनं उंच मनोरा रचला होता. कुणाला हात लावू देत नव्हती. शिक्षिका कौतुकानं म्हणाल्या, "फार हुशार आहे हो तुमची मुलगी!"