आठ पट्ट्यांचं चाक

भांडुपच्या टेकडीखालच्या रस्त्यावर सकाळी एखाद्या दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकलं, की दुकानदार शिवी देण्याआधी कुंडलिककाकांना फोन लावतो. काका येतात, शटरला कान लावतात, एकदा खालीवर हलवतात आणि वरच्या डब्यातली कुठली स्प्रिंग तुटली ते शिडी न लावताच सांगतात.

सतराव्या वर्षी ते करमाळ्याहून आले आणि शटरच्या कामाला लागले. त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, मोकळी स्प्रिंग म्हणजे मेलेली स्प्रिंग. शटर बसवताना स्प्रिंगला आधीच तीन-चार आटे देऊन ताणून ठेवायचं. मग अर्धं वजन तीच उचलते आणि लोखंडाची अख्खी भिंत एका हाताने वर जाते. चाळीस वर्षं काकांनी एकही स्प्रिंग ताण न देता बसवली नाही.

तोंडाने कमी आणि मानेने ताठ असा हा माणूस. मुलुंडच्या एका दुकानदाराने पाणी देण्याआधी आडनाव विचारलं होतं. काकांनी भालेराव असं सांगितलं, काम पुरं केलं, पाणी न पिता निघून आले. त्या दुकानदाराने पुढे तीनदा फोन केला. "तुमचं शटर आता आडनाव बघूनच दुरुस्त करून घ्या," एवढं बोलून काकांनी फोन ठेवला.

त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा. नाहूरच्या एका खाजगी शाळेत ती सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या पायऱ्यांवरून ती पडली. मणक्याला मार बसला, पाठीत स्क्रू घालावे लागले, पायांतली ताकद परत आली नाही. काका आणि त्यांची बायको शकुकाकू यांनी टेकडीवरची खोली सोडली आणि खाली रस्त्यालगत एक खोली घेतली. दारात पायरी नको, एवढी एकच अट होती.

डॉक्टरांनी सांगितलं, व्हीलचेअरवर बसू दे, फिरू दे, नोकरी करू दे. फक्त हादरे नकोत. सारखे हादरे बसले तर स्क्रू ढिले होतील आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागेल.

हादरे नकोत म्हणजे काय, हे भांडुपमध्ये राहणाऱ्यालाच कळेल. घरापासून शाळा दीड किलोमीटर. त्यातला निम्मा रस्ता पेव्हर ब्लॉकचा. प्रत्येक ब्लॉकमध्ये बोटभर फट, दर वीस पावलांवर गटाराचं झाकण, एक उंच तर एक खोल. रिक्षा त्याहून वाईट. शिवाय रिक्षात चढायचं तर कोणीतरी उचलायला हवं.

"मला उचलायचं नाही," संघमित्राने हॉस्पिटलमधून आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "पोत्यासारखं कोणी उचललं ना, तर मी चावेन."

पडल्यापासून ती रजेवरच होती. एप्रिलमध्ये शाळेचं पत्र आलं. आपल्या प्रकृतीकडे पाहता आपण स्वेच्छेने निवृत्ती घ्यावी. तसं नको असेल, तर पंधरा जूनपासून सलग एक आठवडा कोणाच्याही मदतीशिवाय, वेळेवर शाळेत हजर राहून दाखवावं. त्यानंतर व्यवस्थापन समिती निर्णय घेईल.

शकुकाकू म्हणाल्या, "कायदा आहे ना आता? असं काढता येत नाही म्हणतात."

"काढता येत नाही, पण घरी बसवून ठेवता येतं ना आई," संघमित्रा म्हणाली. "मला घरबसल्या पगार नको. मला सातवी ब पाहिजे."

काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता ते व्हीलचेअर उलटी करून तिच्यासमोर बसले.

चाकांना भरीव रबर होतं, दगडासारखं. शेजारच्या नंदकुमारच्या सायकलच्या दुकानातून हवेचे टायर आणून पाहिले. हवा पुरी भरली की हादरे तेच, कमी भरली की ढकलताना मुलीचे खांदे भरून येत. सीटखाली स्प्रिंगा लावून पाहिल्या, तर खुर्ची होडीसारखी एका बाजूला कलंडायला लागली. तेव्हा काकांच्या डोक्यात आलं की स्प्रिंग सीटखाली नको, चाकाच्या आतच हवी. आरे काढून टाकायचे. आसाभोवतीचा मधला तुंबा आणि बाहेरची कडी यांच्यात शटरच्या स्प्रिंगच्या चपट्या पोलादी पट्ट्या वाकवून बसवायच्या. कडी रस्त्यावर आपटली तर आपटू दे. तुंब्यापर्यंत येता येता धक्का पट्टीत मुरला पाहिजे.

प्रत्येक चाकाला आठ पट्ट्या. चार डावीकडे वळलेल्या, चार उजवीकडे, म्हणजे संघमित्राने जोर लावला की कडी पुढे आणि तुंबा मागे असं व्हायचं नाही. आठवडाभर काका खोलीबाहेर पट्ट्या कापत, तापवत, वाकवत बसले.

नंदकुमार मूळचा मालवणचा. तो कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. "कुंडल्या, ह्यां चाक आसा काय चकली?"

"चकलीच आहे. दिवाळीला तुला देतो."

"माका नको रे बाबा. माझे दात आधीच चार गेले."

पण नव्या कड्या त्यानेच आणून दिल्या, आणि त्या सरळ आहेत की नाही ते स्वतः फिरवून पाहिलं.

चाकं लागली. काकांनी खुर्चीत वाळूची दोन पोती ठेवली, बरोबर मुलीच्या वजनाची, आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. मोठ्या गतिरोधकावर खुर्ची झकास दबली, झकास उठली. काकांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला.

मग संघमित्रा बसली. पेव्हर ब्लॉकवर पंचवीस-तीस फूट गेली आणि ओठ दाबून थांबली.

"काय झालं?"

"पप्पा, गतिरोधक ठीक आहे. पण ही बारीक टकटक सगळी पाठीत येतेय. पहिल्यासारखीच."

काकांनी पट्ट्या बदलल्या, पातळ घेतल्या. टकटक तशीच. अजून पातळ घेतल्या. तरी तशीच. मे महिना संपत आला होता.

एका संध्याकाळी संघमित्राने खुर्चीत बसल्याबसल्याच हात खाली नेला आणि चाकाच्या एका पट्टीवर अंगठा दाबला. पट्टी हलली नाही. "पप्पा, ह्या आधीच दाबून बसवल्यात का?"

"मग? ताण द्यायला नको? मोकळी स्प्रिंग..."

"मेलेली स्प्रिंग. माहितीये, लहानपणापासून ऐकतेय. पण हिला आधीच एवढं दाबलंय की तीस किलोचा धक्का बसल्याशिवाय ती हलतच नाही. गतिरोधक तेवढा देतो. ब्लॉकची फट देते का? ती देते चिमूटभर धक्का, पण हजार वेळा. तो चिमूटभर धक्का हिला कळतच नाही, थेट माझ्याकडे येतो."

"तू मला स्प्रिंग शिकवतेस?"

"सातवीला शिकवते मी. तुम्हालाही शिकवेन."

काका उठून बाहेर गेले. चार दिवस त्यांनी चाकाला हात लावला नाही. शटरं दुरुस्त करत राहिले. संघमित्राही गप्प राहिली. बापाकडूनच तिने ती मान घेतली होती.

पाचव्या दिवशी शकुकाकूंनी त्यांना विचारलं, "तुम्ही स्वतः बसलात का त्या खुर्चीत एकदा तरी?"

"वाळू बसवली होती ना."

"वाळूला पाठ असते का हो?"

काका बसले. काकूंनी ढकललं. पहिल्यांदाच काकांनी तो रस्ता तेवढ्या उंचीवरून पाहिला, जिथून माणसांचे चेहरे दिसत नाहीत, पिशव्या दिसतात. गल्लीचं टोक येईपर्यंत त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते. नंदकुमारच्या दुकानासमोर ते म्हणाले, "थांबव." काकू थांबल्या नाहीत. "ती शाळेला जाताना थांबू शकणार आहे का?" असं म्हणत त्यांनी खुर्ची वळवली आणि तोच सगळा रस्ता परत आणली.

काका उतरले, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग पान्हा घेऊन सोळाच्या सोळा पट्ट्या सोडवल्या.

पट्ट्या नव्याने बसवताना खरं भांडण त्यांच्याच हाताशी होतं. बोल्ट घट्ट होत आला की मनगट आपोआप अर्धा आटा जास्त द्यायचं. पट्टी ताणली जायची, ते पुन्हा सोडायचे. शेवटी त्यांनी संघमित्राला समोर बसवलं. ती पट्टीवर अंगठा ठेवायची आणि पट्टी कडक झाली की म्हणायची, "बस्स." काका थांबायचे. सोळा वेळा मुलीने बापाला थांबवलं.

चाक मोकळं झालं. खुर्चीत कोणी बसलं की तुंबा मधोमध राहत नाही, जरासा खाली उतरतो आणि तिथे झुलत राहतो. दिसायला वेडंवाकडं. नंदकुमार म्हणाला, "दारू प्यायल्यागत दिसता." पण संघमित्रा ब्लॉकवरून गेली, शेवटपर्यंत गेली, वळली, परत आली आणि दाराशी थांबून म्हणाली, "आई, भूक लागली."

पंधरा जूनला सकाळी तिने काकांना दारातच अडवलं. "मागे मागे यायचं नाही. पत्रात लिहिलंय, मदतीशिवाय."

"मी मदत करणार नाही. लांबून बघेन."

"तुम्ही बघितलंत की मी मागे वळून बघणार. आपापल्या कामाला जा."

ती डावीकडे गेली, काका उजवीकडे. मुद्दाम उलट्या दिशेचं काम घेतलं होतं, पायांनी नाहूरचा रस्ता धरू नये म्हणून. शिडीवर असताना सव्वाआठला फोन आला.

"पप्पा, एक पट्टी तुटली. पुलाच्या अलीकडे रस्ता खणून ठेवलाय, तिथे."

"तू कुठे आहेस?"

"स्टाफरूममध्ये. पहिला तास झाला माझा. सात मिनिटं आधी पोचले. समितीचे एक साहेब दारातच उभे होते. म्हणाले, मॅडम, तुमचं चाक मोडलंय. मी म्हटलं, एक पट्टी मोडलीये, सात आहेत, मला वर्गावर जाऊ द्या."

"पाठ?"

"पाठीला कळलंच नाही. आवाजावरून समजलं."

काका शिडीवरून खाली उतरले. मग म्हणाले, "पट्टीवर तुटली त्या जागी खडूने खूण कर. येताना तो पुलाजवळचा रस्ता टाळ."

"टाळायला दुसरा रस्ता आहे का भांडुपमध्ये?" आणि ती हसली.

संध्याकाळी पट्टी बदलली. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार संघमित्रा वेळेवर गेली. शनिवारीही ती वेळेवर पोचली आणि त्या दिवशी शाळेतून काकांनाच बोलावणं आलं. मुख्याध्यापिका होत्या आणि ते समितीचे साहेबही. चहा आला. साहेब फार गोड बोलले. म्हणाले, "चाक बघितलं आम्ही. कल्पक आहे हो! शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडू या. शाळेच्या नावाने. तुम्हाला शाल-श्रीफळ देऊ."

"ते मांडून ठेवायचं चाक नाही," काका म्हणाले. "ते रोज सकाळी लागतं."

"अहो, दोन दिवसांसाठी."

"त्या दोन दिवसांत ती शाळेत कशी येणार?"

साहेब मुख्याध्यापिकांकडे पाहू लागले.

काकांनी खिशातून एप्रिलचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. घड्या पडून ते चार ठिकाणी फाटायला आलं होतं. "तुम्ही आठवडा सांगितलात. आठवडा झाला. आता हे मागे घेतलं असं लिहून द्या."

"समितीची बैठक पुढच्या महिन्यात..."

"पत्र देताना बैठक झाली होती का?"

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. मग त्याच म्हणाल्या, "सर, देऊन टाकू या." क्लार्कला बोलावलं. काका बाहेरच्या बाकावर बसले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं आली, गेली. अर्ध्या तासाने क्लार्कने कागद आणून दिला. शिक्का होता, सही होती.

काकांनी चष्मा लावला. प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत वाचत गेले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "व्यवस्थापनाने सहानुभूतीपूर्वक विचार करून, मानवतेच्या दृष्टिकोनातून..."

ते उठून आत गेले आणि कागद टेबलावर उलटा फिरवून साहेबांसमोर ठेवला.

"ही ओळ काढा."

"अहो, ती नुसती पद्धत असते लिहायची."

"तुमच्या सहानुभूतीने ती आलेली नाही. सहा दिवस हाताने चाक ढकलत आलीये. जे झालं ते लिहा. वेळेवर हजर होती, एवढंच."

"आता सही झालीये, भालेराव. क्लार्कची निघायची वेळ झाली."

"मग त्यांना निघू द्या. सोमवारी टाइप करा," काका म्हणाले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. "मी आहे इथेच."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, काकांकडे पाहिलं. मग क्लार्कसाठी बेल दाबली.