वीणेचा दुपारचा पहारा

देवावर लिहिता लिहिता माझं देवाशी बोलणंच बंद झालं होतं. आज हे सांगताना संकोच वाटत नाही, पण तेव्हा कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मी परभणीत घरी बसून वेबसाइटांसाठी लेख लिहून देते. नोकरी अशी नाही. जो काम देईल त्याचं करायचं. सुरुवातीला हाताला लागेल ते लिहायची. केस गळतीवर लिहिलं, मिक्सर कुठला घ्यावा यावर लिहिलं, परीक्षेच्या दिवसांत मुलांना काय खाऊ घालावं यावरही लिहिलं. पुढं एका वेबसाइटला माझे सणावारांचे लेख आवडले आणि मी त्यांची धार्मिक विभागाची हक्काची लेखिका झाले. दिवा कुठल्या दिशेला लावावा, एकादशीला काय चालतं नि काय चालत नाही, कुठल्या राशीनं कुठलं स्तोत्र म्हणावं. तेच तेच दरवर्षी नव्या शब्दांत मांडायचं आणि शेवटी 'श्रद्धेने केल्यास फळ नक्की मिळते' हे वाक्य टाकून लेख पाठवून द्यायचा. ते वाक्य इतक्यांदा लिहिलं की श्रद्धा हा शब्द दिसला तरी मला जांभई यायची.

काम नाकारायची मात्र मला फार भीती वाटे. एकदा नाही म्हटलं की आपलं नाव त्यांच्या डोक्यातून गेलं, दुसरी कुणीतरी आपल्या जागी बसली, हे मनात घट्ट बसलेलं. म्हणून येईल ते घेत गेले. भाजी फोडणीला टाकताना फोनवर उत्तरं द्यायची. देवपूजेला बसलं तरी हात फुलं वाहत आणि डोकं मथळे जुळवत. मग एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि एक ओळ सुचेना. दुसऱ्या दिवशीही तेच. चैत्रातल्या सणांची मोठी लेखमाला मी अंगावर घेतली होती, मुदत जवळ येत होती, आणि पडद्यावर नुसत्या शीर्षकाच्या पुढं काही नव्हतं. मी बसून रडायची, डोळे पुसायची, परत बसायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, विश्रांती घ्या म्हणाले. याला बर्नआउट म्हणतात हे मला त्यांच्या आधी ठाऊक होतं, कारण त्यावरच्या उपायांचा लेख मीच लिहिला होता आणि लोकांना तो आवडलाही होता. त्यातला एकही उपाय मी स्वतः करून पाहिलेला नव्हता. लिहिणं गेलं तर माझ्याजवळ दुसरं काय आहे, हा प्रश्न छातीवर बसल्यासारखा झाला होता. आणि ज्याच्यापुढं तो प्रश्न ठेवावा, त्याच्याशी बोलायचं तर तोंडात माझ्याच लेखांची भाषा येत होती.

आमचे हे शाळेत शिक्षक आहेत, बोलणं कमीच. त्यांनी मला न विचारता माझ्या आत्याला फोन लावला आणि मला ताडकळसच्या बसमध्ये बसवून दिलं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ताडकळसच्या जवळच एका खेड्यात तिचं घर आहे, मारुतीच्या देवळाला अगदी लागून. माघाचे दिवस होते आणि देवळापुढं सप्ताह बसलेला. मी लॅपटॉप घेऊनच गेले होते. चार दिवस निवांत मिळाले तर लेखमाला होईल, असा माझा हिशेब. आत्यानं पिशवीतून ते यंत्र काढून धान्याच्या कोठीवर ठेवलं आणि हात पुढं केला.

"तेवढा मोबाईल बी दे. देवापाशी ठिवते. कुनाचा आला तर देव घील."

तिनं तो खरंच देवघराच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या घराशेजारी ठेवून दिला. मी दोनदा कोनाड्याकडं गेले आणि आत्याच्या नजरेला भिऊन नमस्कार करून परत आले. त्या निमित्तानं का होईना, देवाला नमस्कार घडला.

लहानपणी मी तो सप्ताह पाहिला होता, पण त्याची थोरवी मला या खेपेला कळली. भल्या पहाटे काकड्याला माणसं अंगावर घोंगड्या घेऊन येत. मग पारायण, जेवणं, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन. घराघरातून भाकरींच्या टोपल्या येत आणि कोणाच्या टोपलीत किती हे कुणी पाहत नसे. मंडप कुणी घातला, भांडी कुणी घासली, याची पाटी कुठं लावलेली नव्हती. आणि या सगळ्याच्या मध्यभागी वीणा. सप्ताह बसला की ती वीणा कुणाच्या तरी गळ्यात चढते आणि काला होईपर्यंत खाली टेकत नाही. एकजण ग्रंथापुढं उभा राहून नाम घेत तारा छेडतो, त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. आत्या सांगायची की ती लग्न होऊन आली तेव्हापासून सप्ताहात या गावची वीणा भुईला लागल्याचं तिला आठवत नाही. तिथं उभे राहणारे शेतावरून आलेले, कुणी शाळेतून, कुणी दुकान बंद करून आलेले. कुणाचं नाव होत नव्हतं, कुणाला फळाची घाई नव्हती. मला त्या माणसांचा हेवा वाटला, आणि पुष्कळ दिवसांनी कशाचं तरी मनापासून कौतुक वाटलं.

त्या गावात दुपारचा पहारा बायकांचा असतो. आत्याचा गुडघा सुजला होता, म्हणून तिच्या जागी मी उभी राहते म्हणाले. आत्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं, पण अडवलं नाही. वीणा गळ्यात आली. रामकृष्णहरी म्हणत मी तारा छेडू लागले आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक काम मला नीट जमत होतं. सुचायचं काही नव्हतं, पाठवायचं काही नव्हतं. उभं राहायचं आणि नाम घ्यायचं.

पहारा संपला तशी शेजारच्या सिंधूवहिनी वीणा घ्यायला आल्या. मी मान हलवून नको म्हटलं. पहाऱ्यावर असताना नामाशिवाय बोलायचं नाही, म्हणून खुणेनंच सांगितलं की मी उभी आहे, तुम्ही जा. सिंधूवहिनींनी हात जोडले आणि त्या गेल्या. मला वाटलं होतं, थोड्या वेळानं परत येतील. पण गावात अशा वेळी माणसं काय धरून चालतात हे मी विसरले होते. कुणी वीणा सोडत नसेल तर त्याचा काही नवस आहे, त्यात आपण मोडता घालू नये, असं समजतात. सिंधूवहिनींनी घरोघर सांगून टाकलं की परभणीची लेक उभी आहे, तिला हलवू नका. त्यांच्यामागून ज्यांचा पहारा होता त्याही निर्धास्त घरी राहिल्या. जे काम वाटून घ्यायचं ते मी एकटीनं धरून ठेवलं होतं, आणि सगळं गाव मला भक्त समजून आदरानं लांब राहिलं होतं.

दुपार चढली. जेवणं उरकून माणसं पांगली. मंडपात खांबाला टेकून एक म्हातारबाबा गाढ झोपले होते, तेवढेच. माझे खांदे आधी दुखले, मग जड झाले, मग ते आपले आहेत असं वाटेना. पायाला मुंग्या आल्या. ओठ कोरडे पडून नाम नुसतं श्वासात उरलं. बाबांना हाक मारून पाहिली, घशातून आवाज फुटेना. चालत आत्याच्या घरी जावं तर वीणा ग्रंथापुढून हलवायची कशी? खाली ठेवावी तर आत्याच्या साऱ्या आयुष्यात जे झालं नाही ते माझ्या हातून होणार. डोळ्यांपुढं काळे ठिपके येऊ लागले आणि मला स्वच्छ दिसलं की मी आता पडणार, वीणेसकट पडणार. तेव्हा मी म्हणाले, देवा, माझ्याच्यानं आता होत नाही. एवढंच. त्यात स्तोत्र नव्हतं, विधी नव्हता. कितीतरी महिन्यांनी मी देवाशी माझ्या भाषेत बोलले होते.

मंडपाच्या तोंडाशी पाण्याचा रांजण ठेवलेला होता, येणाऱ्यानं पाय धुऊन आत यावं म्हणून. तिथं तांब्या बुडाल्याचा आवाज आला. कुणीतरी बाई पाय धूत होती. मला मान वर करवत नव्हती, त्यामुळं मला दिसली ती तिची पावलं. भेगाळलेल्या टाचा, झिजलेली जोडवी, एका अंगठ्याला गुंडाळलेली निळी चिंधी. ओली पावलं उमटवत ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

आणि मी काय करावं? मी मान हलवून नको म्हटलं. पडायच्या बेताला आले होते तरी सवयीनं नको म्हटलं. या वेड्या मानेचं मला अजून हसू येतं. बाई हसली असावी. तिच्या आवाजात तसं होतं.

"खाली ठिवायची न्हाई, खरं हाय. पन द्यायची आसती, माय. दे इकडं."

तिनं माझी बोटं तारांवरून एकेक करून सोडवली आणि वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली. तारांचा आवाज मधे थांबला नाही; तिनं आधी छेडायला सुरुवात केली आणि मग माझा हात बाजूला केला. मी रीतीप्रमाणं तिच्या पाया पडले. पडले ती उठलेच नाही म्हणायचं, कारण तिथंच खांबाशी सरकून मी झोपी गेले. तिचं नाम कानावर येत होतं. अशी झोप मला वर्षात लागली नव्हती.

जाग आली ती हरिपाठाच्या टाळांनी. अंगावर आत्याची गोधडी होती. वीणा गावातल्याच एका सूनबाईंच्या गळ्यात होती. मी उठून विचारत सुटले, माझ्याकडून वीणा घेतली ती बाई कोण? पहारा संपल्यावर सूनबाई म्हणाल्या, मला वाटलं तुमच्याकडच्या पाव्हण्या. सिंधूवहिनींना वाटलं, कीर्तनकारांबरोबर आलेल्या कुणी. कीर्तनकारांबरोबर बाई नव्हतीच. त्या दिवशी ताडकळसचा बाजार होता. रस्त्यानं जाणारीयेणारी माणसं सप्ताह दिसला की टेकतात, हातभार लावतात, आपल्या वाटेनं जातात. तशी ती कुणी बाजारकरीण असेल. मीही तसंच धरते. त्यापुढं मी कधी शोध केला नाही. आत्याला विचारलं तर तिचं उत्तर तयार होतं.

"कोन का आसंना. येळंला आली न्हवं?"

सकाळी मी आत्याच्या परवानगीनं कोनाड्यातला फोन घेतला. त्याच्या अंगाला उदबत्तीचा वास लागलेला. देवापुढं उभं राहूनच मी वेबसाइटच्या संपादिकेला फोन केला आणि सांगितलं की लेखमालेतले थोडेच लेख मी लिहीन, बाकीचे दुसऱ्या कुणाला द्या. गंगाखेडची एक बाई चांगलं लिहिते, माझ्याकडं काम आहे का म्हणून तिनं कितीदा विचारलं होतं, तिचं नाव मी सुचवलं. इतकी वर्षं ज्या उत्तराची धास्ती घेतली होती ते उत्तर असं आलं: "बरं झालं ताई, तुमच्यावर फार पडतंय असं आम्हालाच वाटत होतं." मी फोन ठेवला आणि देवापुढं बसून हसत राहिले. आत्याला वाटलं, हिचं डोकं फिरलं. तिनं गूळपाणी आणून दिलं.

त्याच दुपारी आत्याच्या ओसरीत बसून पहिला लेख लिहिला. फार मोठा नव्हता. शेवटी फळाचं ते वाक्य टाकायला हात गेला, आणि मी ते टाकलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्यानंतर लिहिणं पहिल्यासारखं धावत आलं असं सांगितलं तर खोटं होईल. हळूहळू आलं, अजून कधी कधी अडतं. अडलं की मी गंगाखेडला फोन करते. तिचं अडलं की ती मला करते. आमची दोघींची अजून गाठ पडलेली नाही.

यंदाच्या माघात मी पुन्हा गेले. दुपारच्या पहाऱ्याला उभी राहिले. वेळ झाली तशा सिंधूवहिनी आल्या, जरा चाचरतच, की ही पुन्हा नको म्हणते की काय. मी वीणा त्यांच्या गळ्यात दिली आणि पाया पडायला वाकले. त्या दुपारी माझ्याकडून वीणा घेणारीचा चेहरा मी पाहिलेला नाही, मला तिची फक्त पावलं माहीत आहेत. त्यामुळं माझी पंचाईत झाली आहे. माझ्या हातचं ओझं घ्यायला जो कोणी पुढं येतो त्याच्या पायांशी मला थोडा वेळ जास्त थांबावं लागतं. सिंधूवहिनी नुकत्याच पाय धुऊन आल्या होत्या. पावलं ओली होती. मी कपाळ टेकलं, आणि डोळ्यांना पाणी आलं ते तसंच येऊ दिलं.