कारंज्याची ओळ

माझ्या वहिनीला राग आला की तिचा आवाज चढत नाही, खाली जातो. भांडी आदळत नाहीत, दार आपटत नाही. फक्त प्रत्येक शब्द सुटा सुटा येऊ लागतो, जणू समोरच्याने तो लिहून घ्यायचा आहे. माझा थोरला भाऊ अशा वेळी चष्मा शोधू लागतो, चष्मा नाकावर असला तरी.

ती प्राथमिक शाळेत शिकवते. लिहायला शिकवण्याची तिची स्वतःची एक पद्धत आहे. चुकलेल्या शब्दावर ती लाल रेघ ओढत नाही. ज्या ओळीत चूक असेल तिच्या टोकाला पेन्सिलीने एक टिंब देते. चूक कोणती, ते मुलाने शोधायचे, दुरुस्त करायचे आणि मग ते टिंब आपल्याच हाताने खोडायचे. त्यामुळे शाळेत तिला 'टिंबवाल्या बाई' म्हणत. मुले ते प्रेमाने म्हणत. शिक्षकखोलीत त्याचा सूर वेगळा असे.

त्या वर्षी तिच्याकडे तिसरीचा वर्ग आला. श्रुतलेखनात, म्हणजे बाईंनी वाचायचे आणि मुलांनी ऐकून लिहायचे त्यात, या वर्गाला पैकीच्या पैकी गुण होते. वर्ग सोपवताना दुसरीच्या बाई म्हणाल्या, "तयार हिरे देतेय तुम्हाला. नुसते पुसायचे."

शाळेत चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी एक ठरलेला उतारा होता. वर्षअखेरच्या तपासणीला येणारे साहेब दरवेळी तोच वाचून दाखवत, म्हणून वर्षभर तोच घोटला जाई. उतारा बागेविषयी होता. शाळेजवळ सुंदर बाग आहे, बागेत रंगीबेरंगी फुले आहेत, माळीकाका झाडांना पाणी घालतात, कारंज्याचे पाणी उंच उडते. प्रत्यक्षात शाळेच्या भिंतीपलीकडे मालमोटारी दुरुस्त करण्याचे आवार होते आणि तिथे दिवसभर पत्रा ठोकला जाई. त्या ठणठणाटात माना खाली घालून मुले पाखरांच्या किलबिलाटाविषयी लिहीत.

पहिल्याच आठवड्यात वहिनीने हा उतारा वाचायला घेतला. मध्येच शिपाई सूचनेवर सही घ्यायला आला. सही करून तिने पुन्हा वाचायला सुरुवात केली, तेव्हा नजरचुकीने माळीकाकांची ओळ राहून गेली. वह्या तपासताना तिच्या ते ध्यानात आले, आणि मग ती ताठ बसली. तिने न वाचलेली ओळ प्रत्येक वहीत होती. एकूण एक माळीकाका हजर होते आणि झाडांना पाणी घालत होते.

तिने पहिल्या बाकावरच्या मुलीला जवळ बोलावले. ही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची लेक. तिचे अक्षर इतके बारीक की तिला सगळे 'मुंगी' म्हणत. वहिनीने तिच्याच वहीतल्या 'झाडांना' या शब्दावर बोट ठेवले.

"हे काय लिहिलंयस? वाच."

मुंगीने बोट पहिल्या ओळीवर नेले, "आमच्या शाळेजवळ" पासून गाडी सुरू केली आणि घडाघडा म्हणत त्या शब्दापाशी येऊन थांबली. "झाडांना," ती विजयाने म्हणाली.

वहिनीने फळ्यावर नुसते 'झाड' लिहिले. मुंगीने त्याकडे पाहिले, पुन्हा बाईंकडे पाहिले. "हे उताऱ्यात नाहीये," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी वहिनीने चहा गाळला आणि कप तसेच ओट्यावर राहू दिले. "भावजी, दोन वर्षं," ती मला म्हणाली. "दोन वर्षं ही पोरं लिहीत नव्हती. नक्षी काढत होती. आणि त्या नक्षीला पैकीच्या पैकी!"

"अगं, पण अक्षर तरी वळणदार आहे ना?" भाऊ म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे नुसते पाहिले. तो चष्मा शोधू लागला.

दुसऱ्या दिवसापासून तिने अगदी मुळापासून सुरुवात केली. नियम दोनच. जे ऐकू येईल तेवढेच लिहायचे, पुढचे माहीत असले तरी नाही. आणि रोज एक वाक्य आपल्या मनचे लिहायचे. मुलांच्या वाक्यांतून बाग गेली आणि भिंतीपलीकडचे आवार आले. 'आज मोटारीच चाक निगाल.' 'ठोकनारे काका बहीरे आहेत.' एका मुलाने सलग आठवडाभर फक्त 'मला भूक लागली' लिहिले. शेवटी त्यात एकही चूक उरली नाही. मुंगीने लिहिले, 'बाबानी शर्ट जाळला आणी मला रागवले.' टिंबांनी पाने भरून गेली.

ही टिंबे घरोघरी पोचली. एके दिवशी शाळा सुटताना इस्त्रीवाला वही घेऊन दारात उभा राहिला.

"बाई, मागच्या वर्षी हिच्या वहीत शोधून चूक सापडत नव्हती. आता बघा. गोवर उठल्यासारखी दिसतेय वही."

"मागच्या वर्षी तिला वाचता येत नव्हतं."

"हे आत्ता सांगताय? मागच्या वर्षी तर हुशार आहे म्हणून टाळ्या वाजवल्या. मी शिकलो नाही, म्हणून कुणीही यावं आणि काहीही सांगून जावं का?"

वहिनीचा आवाज खाली गेला. पण तो राग इस्त्रीवाल्यावर नव्हता.

"तुम्ही चिडलात ते बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त वर्ष चुकलंय तुमचं. मागच्या वर्षी चिडायला हवं होतं."

त्याने टिंबांची पाने पुन्हा एकदा चाळली. मग वही लेकीच्या हातात देऊन म्हणाला, "चल. ती टिंबं खोड आधी."

तपासणी जवळ आली तसे मुख्याध्यापक, ज्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, रोज वर्गात डोकावू लागले.

"उतारा घोटून घेतलात ना, बाई?"

"उतारा त्यांना झोपेतही येतो, सर. माझं वर्ष गेलं तो बाजूला ठेवायला शिकवण्यात."

"तुमच्या तत्त्वांना एक दिवस रजा द्या. शाळेचा शेरा खाली आला तर पुढच्या वर्षी तुम्हाला कोणता वर्ग द्यायचा, याचा मला विचार करावा लागेल. मुलांना काय, आज नाही उद्या येईल लिहायला."

"दोन वर्षं उद्याच चालू होता," वहिनी म्हणाली.

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीत बसले नाहीत. बाकांमधून फेऱ्या मारत, कागदाकडे न पाहता, त्यांनी उतारा म्हणायला सुरुवात केली. तो त्यांनाही पाठ होता. फुलांच्या ओळीनंतर माळीकाका आले, आणि साहेबांचा फोन वाजला. ते खिडकीशी गेले, कोणावर तरी खेकसले, परत आले आणि थेट 'मुले आनंदाने खेळतात' वर पोचले. कारंजे राहून गेले. काही मुलांनी पेन्सिली थांबवून वहिनीकडे पाहिले. ती भिंतीला टेकून उभी होती. तिने मान हलवली नाही. मुले जे ऐकले ते लिहू लागली.

साहेबांनी छापील उतारा शेजारी ठेवून वह्या पाहिल्या. एक, दुसरी, तिसरी. मग भराभर सगळ्या.

"कारंज्याची ओळ कुठंय? एकाच्याही वहीत नाही! एकानं सोडली आणि बाकीच्यांनी त्याचं बघून सोडली. ही उघड उघड नक्कल आहे."

"साहेब, ती ओळ तुमच्याकडून राहिली," वहिनी म्हणाली. "फोन आला तेव्हा."

"माझ्याकडून? अहो, मी वर्षानुवर्षं हाच उतारा सांगतोय. सर, मी ओळ गाळली का?"

मोठे सर साहेबांच्या मागेच उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. "छे छे, साहेब," ते म्हणाले.

मुंगी उठून उभी राहिली. "आम्हाला ती ओळ येते," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालाच नाहीत."

"उलट उत्तरं द्यायलाही शिकवलंय वाटतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली: सामूहिक नक्कल.

त्या वर्षात मुले पहिल्यांदाच खरे लिहायला शिकली होती, आणि नेमकी आता त्यांच्या नावापुढे चोरी लागणार होती. दुसरीच्या बाई तेव्हा दारात होत्या. त्यांनी मला नंतर सांगितले, "तुमच्या वहिनीचा आवाज इतका खाली गेला, की आम्हाला ऐकायला पुढे सरकावं लागलं."

"मुलांनो, पान उलटा. आत्ता वर्गात काय झालं, ते एका वाक्यात लिहा. साहेब, पाच मिनिटं थांबा. एकमेकांचं बघून लिहिताना कुणी दिसलं तर तो शेरा तसाच ठेवा, मी खाली सही करते."

साहेबांना निघायची घाई होती. पण सगळा वर्ग माना खाली घालून लिहू लागला होता. त्यातून निघून जाणे त्यांनाही जमले नाही. भिंतीपलीकडे पत्रा ठोकला जात होता.

वह्या त्यांच्या पुढ्यात आल्या. 'सायबांचा फोन वाजला मग कारंज राहील.' 'आमी चोरी नाही केली.' 'साहेब खिडकीत रागवले मग आमच्यावर.' 'मोठे सर खोट बोल्ले.' 'बाईंचा आवाज बारीक झाला मनजे त्या खुप चिडल्या.' दोन वाक्येही सारखी नव्हती. चुकाही ज्याच्या त्याच्या होत्या.

साहेबांनी बऱ्याच वह्या वाचल्या. मोठ्या सरांविषयीची वही त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरली. शेवटी ते म्हणाले, "बाई, यात चुका किती आहेत!"

"आहेत," वहिनी म्हणाली. "पण पाठ केलेल्या नाहीत."

साहेबांनी 'सामूहिक नक्कल' हे शब्द खोडले. त्या जागी लिहिले: शुद्धलेखन असमाधानकारक. ओळ गाळल्याची कबुली त्यांनी दिली नाही, आणि मोठ्या सरांनीही नाही. दोघे व्हरांड्यातून बोलत बोलत निघून गेले.

पुढच्या वर्षी वहिनीला पहिली देण्यात आली. "तिथे तपासणी नसते," मोठे सर म्हणाले, जणू उपकार करत होते. भाऊ म्हणाला, "बरं झालं, डोक्याचा ताप गेला."

"गेला कुठे? माझी पोरं चौथीत गेली," वहिनी म्हणाली. "तिथे पुन्हा तोच उतारा. पुन्हा ती बाग! एवढ्यासाठी वर्षभर टिंबं देत बसले होते का मी?" त्या दिवशी मात्र तिने कप आपटला. त्याचा कान तुटला. तो कप आम्ही अजून वापरतो.

काही आठवड्यांनी शिक्षकखोलीत चौथीचे सर तिच्यासमोर येऊन बसले, घाम पुसत.

"टिंबवाल्या बाई, तुमच्या पोरांनी मला वेड लावायचं ठरवलंय. उतारा सांगता सांगता मला ठसका लागला. पाणी प्यायला गेलो, परत येऊन बघतो तर सगळी पेन्सिली वर धरून बसलेली. म्हटलं, अरे, पुढचं तुम्हाला येतंय ना? लिहा की! तर ती मुंगी म्हणते, सर, तुम्ही म्हणाला कुठे?"

"मग?" वहिनीने विचारले.

"मग काय? म्हणावं लागलं मला! एकेक ओळ."

वहिनी हसली नाही. तिने पहिलीच्या वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतले.