मोजणीची सकाळ

शरयू गेली ती नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात, माझ्या घरापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर. आणि मला बातमी कळली ती उमरेडकडच्या एका खेड्यातून. तिथले शेतकरी देवरावभाऊ, त्यांचा फोन होता. "ताई, म्याडम गेल्या नं आपल्या..." शरयूच्या मुलाने पहिला फोन त्यांना केला होता. त्या आठवड्यात तिची तिकडे विहिरींची मोजणी होती, आणि आपलं जाणं रद्द झालं तर गावाला आधी कळवायचं, हा तिच्या घरातला जुना नियम.

कॉलेजमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी ग्रंथालयात रमले आणि ती भूजलशास्त्रात. तिकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीभोवतालच्या विहिरींची पातळी ती अनेक वर्षं मोजत होती. खाणीत झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं आणि त्यापायी आसपासच्या विहिरी खाली जाऊ शकतात. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर तिने रंगाचा एक ठिपका दिला होता. तिथूनच टेप सोडायचा, आणि तोही सकाळी, कुणी मोटर लावायच्या आत. रात्रभर उपसा न झालेलं पाणीच ती मोजायची.

एका हिवाळ्यात मी सहज तिच्यासोबत गेले. गाव म्हणत होतं, खाणीने आमचं पाणी ओढलं; कंपनी म्हणत होती, तुम्हीच जास्त उपसता. खाणीतून उपसलेलं पाणी शेतांना द्यायचं की नाही, हे त्या मोजणीवर ठरणार होतं.

देवरावभाऊंच्या विहिरीत टेप खूप खोल गेला. मला वाटलं, झालं, गाव जिंकलं. शरयू मात्र आकडा न लिहिता वाकून पाहत राहिली. पाण्याच्या वरचे दगड चांगले पुरुषभर उंचीपर्यंत ओले होते. मग ती शेताकडे वळली. हरभऱ्यात घोटाभर चिखल.

"देवरावभाऊ, हरभऱ्याला पोहायला शिकवता का?"

ते टोपी सारखी करत राहिले. त्यांची बायको कमलाबाई मागून म्हणाली, "मी सांगतलं होतं, म्याडम दगडं पायते म्हणून. आता बोला! रातभर मोटर चालवून हरभरा सडवला अन् वरून चोरी पकडल्या गेली."

"चोरी काहून? पाणी तं खरंच खाली गेलं नं, म्याडम! मी जरासं आणखी नेलं, एवढंच."

शरयू हसली नाही. "ते जरासं उद्या कंपनीला सापडलं, की खरं गेलेलं पाणीही तुमच्या मोटरच्या नावावर चढेल. मग मी काय दाखवू?"

मोटर बंद ठेवून आम्ही दिवसभर तिथेच बसलो. कमलाबाईंनी भाकरी आणि झुणका आणून दिला. पाणी हळूहळू चढत होतं. देवरावभाऊ ते असं पाहत होते की जणू प्रत्येक वितीबरोबर त्यांचा दावा बुडत होता. संध्याकाळी ते चढायचं थांबलं... आदल्या हिवाळ्याच्या पातळीच्या बरंच खाली. शरयूने तो आकडा लिहिला. पुढे कंपनीची माणसं न सांगता पहाटे येऊन मोजून गेली. त्यांचाही आकडा तोच आला; मोटरी बंद असतानाही पाणी खालीच होतं. वाद तिथे संपला. खाणीचं पाणी तपासून पाटाने शेतांत आलं. शरयूने आयुष्यात बरंच काही केलं. मला मात्र अभिमान वाटतो तो त्या दिवसभर बसून राहण्याचा.

परवा मी त्या गावी गेले. योगायोगाने मोजणीचाच दिवस होता. शरयूच्या जागी आलेल्या बाईंची गाडी वाटेत बंद पडली होती. ऊन वर आलं, गहू पाण्याला आला होता, तरी शिवारात एकही मोटर चालत नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, एवढा उशीर झालाय, लावून टाका ना."

"नाही, ताई. थांबून राहिलो नं मी."

"गहू थांबते का पण?" कमलाबाई म्हणाली खरी, पण तीही मोटरकडे गेली नाही.

मी पंपाच्या खोलीत डोकावले. चुकून कुणाचा हात पडू नये म्हणून देवरावभाऊंनी मोटरच्या खटक्यावर आपली टोपी अडकवून ठेवली होती.