टीव्हीला घातलेला हार

१९९७चा मे महिना, रविवार, सकाळचे नऊ. पंचवटीतल्या आमच्या घरी हजर: माझी मैत्रीण सुमी, तिचे वडील तुकाकाका, शेजारच्या शांताकाकू, आई आणि मी.

आज दसऱ्याची यादी करताना समोर झेंडू ओतला होता. त्या वासाने ही हजेरी आठवली.

तुकाकाकांची फुलशेती होती. त्या दिवशी बाजार सोडून ते आले आणि आमच्या टीव्हीला झेंडूचा हार घातला. मुलांच्या मालिकेच्या सातव्या भागात सुमीचं एक वाक्य होतं. गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाघाटावरच्या, शूटिंगला मी तिच्यासोबत होते. घरी मात्र क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं.

नऊ वाजले आणि भलताच कार्यक्रम लागला. मालिका सहा भागांतच बंद झाली होती, हे आम्हाला कुठून कळणार! आम्ही वाट बघत राहिलो. तापलेल्या टीव्हीवर झेंडूचा वास उग्र होत गेला.

शांताकाकू हसल्या. “काय गं सुमे, शूटिंग स्वप्नात झालं का?”

“खोटं बोलली का गं तू?” तुकाकाकांनी हळूच विचारलं.

सुमी माझ्याकडे वळली. “ही होती ना सोबत! सांग की गं.”

आई माझ्याकडेच बघत होती.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

तुकाकाकांनी हार उतरवून पिशवीत ठेवला. मार चुकला म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

तुकाकाका आता फार थकलेत. यादीतल्या झेंडूवर, आपट्याच्या पानांवर खूण झाली. ‘तुकाकाकांना खरं सांगणे’ ही शेवटची ओळ याही वर्षी तशीच आहे.